आपल्या दारावर पडलेला ठिपका

फिलू, आज सकाळी पुन्हा तिघं आले होते.

धुकं पडलं होतं. या दिवसांत दुबईत कसं पडतं तुला ठाऊक आहे. समोर उभी असलेली कंपनीची बस दिसत नाही, नुसतं इंजिन ऐकू येतं. बेल वाजली म्हणून दार उघडलं. कंपनीच्या निळ्या कपड्यांतले तिघं, हातात प्लास्टिकच्या फायली. पुढच्यानं फोन माझ्या नाकापुढं धरला. नकाशा होता, त्यावर हेल्थ ऑफिसचा लाल ठिपका, आणि ठिपका आपल्या दारावर.

"अंकल, हेल्थ ऑफिस यही है ना?"

मी म्हटलं, नहीं. त्यानं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या खांद्यावरून आत. सगळे असंच आत पाहतात. जणू तू आतल्या खोलीत कागद घेऊन बसलीस आणि मीच म्हातारा वाटेत उभा आहे. मग त्यानं ठिपक्याखाली लिहिलेला नंबर लावला. आणि आपल्या कपाटात, तुझ्या साड्यांच्या खाली, तुझा फोन वाजला. मी अजून तो चार्ज करून ठेवतो.

तो तसाच उभा, फोन कानाला. कपाटात घंटी. तो म्हणाला, "मॅडम उठा नहीं रही."

मी म्हटलं, "नहीं उठाएगी."

आपल्या वसईकर मंडळानं तुझ्यावर दोन पानं मागितलीत. जन्म कुठला, शिक्षण किती, स्वभाव कसा, ते रीनानं इंग्रजीत लिहून दिलं. मी ते वाचलं, त्यात तुझं काहीच नव्हतं. रीना म्हणाली, "देन यू राइट, डॅड. राइट टू हर." मी सातवी शिकलेला माणूस, बावीस वर्षं बस चालवली. मला दुसऱ्याला तुझ्याबद्दल सांगायला जमणार नाही. तुला सांगायला जमेल. मंडळाला छापायचं तर छापतील, नाही तर ठेवून देतील.

तू गेलीस त्याला आता चार आठवडे होतील. माझा व्हिसा तुझ्या नावावर होता, तुला माहीत आहे. रीना म्हणते मी तुला माझ्याकडं घेते. मी नको म्हटलं. तिच्या एका खोलीत ती, जावई, दोन पोरं आणि मी कशाला. महिनाअखेर या खोलीची किल्ली द्यायची आणि वसईला जायचं. असं ठरलं होतं. आणि मग ही माणसं यायला लागली.

पहिला आला तो मी पत्ता चुकलेला समजलो. हात करून वाटेला लावला. दुसऱ्या दिवशी दोघं. मग रोज. मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मग एकाच्या फोनवर ठिपक्याला हात लावून बघितलं, तर खाली ऑफिसचं नाव, वेळ, तुझा नंबर, आणि नोंद करणारा म्हणून बारीक अक्षरांत तुझं नाव. आणि तारीख. तारीख तू गेल्यानंतरची होती, फिलू. बारा दिवसांनंतरची.

मी दार लावून पलंगावर बसलो. तुझ्या बाजूला.

तुझं काम मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण थोडं कळलं होतं. तू सांगायचीस, "अहो, जीआयएस म्हणजे भूत नाही. नकाशाच आहे. फक्त याला प्रश्न विचारता येतात." सरकारच्या आरोग्याच्या जेवढ्या कचेऱ्या, लसीच्या खोल्या, कामगारांच्या तपासणीची ऑफिसं, सगळी त्या नकाशावर बसवायची, हलली की हलवायची, बंद झाली की काढायची. तुझी कंपनी ठेका घ्यायची आणि ठिकाणं बघत फिरायचं काम तुझ्याकडं. मी रिटायर झालो तशी तू मलाच ड्रायव्हर केलंस. पगार नाही, वर टोमणे. "ड्रायव्हरसाहेब, आज जबल अली." मी म्हणायचो, "जेवणाचं काय?" तू म्हणायचीस, "आधी चार पॉइंट, मग जेवण."

तू पॉइंट म्हणायचीस, मी ठिपका म्हणायचो.

एक दिवस तू लॅपटॉपवर मला नकाशा सोलून दाखवलास. रस्ते काढलेस. इमारती काढल्यास. मग वाळू, मग समुद्रसुद्धा. शेवटी पांढऱ्यावर नुसते लाल ठिपके राहिले. तू म्हणालीस, "बघा, दुबईत माणूस आजारी पडला की त्याच्यासाठी एवढंच शहर उरतं."  मी म्हटलं, "चहा टाक."

आणि तुझा तो नियम. जागेवर उभं राहिल्याशिवाय नोंद करायची नाही. बाकीचे ऑफिसात बसून फोटोवरून करायचे, तू उन्हात उतरायचीस. गेटापाशी मला उभं करायचीस आणि म्हणायचीस, "बोर्ड वाचा." मोठ्यानं. एकेक अक्षर जोडत मी तो इंग्रजी बोर्ड वाचायचो, वॉचमन हसायचा. मी चिडायचो. "तुला डोळे नाहीत?" तू म्हणायचीस, "मला आहेत. तुमचे उघडतेय." बोर्ड वाचून झाला की तू म्हणायचीस, "आता दाबते," आणि मग बटण दाबायचीस. असे पाच वर्षांत किती बोर्ड वाचून घेतलेस कुणास ठाऊक. सातवीतल्या मास्तरांना जमलं नाही ते तू गेटागेटावर केलंस. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणतो. रस्त्यावरच्या पाट्या मी आता वाचतो, औषधाच्या बाटलीवरचं वाचतो. तुझ्या मरणाचा दाखला मीच वाचला, कुणाला विचारलं नाही.

आणि आपलं भांडण. गेटावर उभं राहून दाबायचीस आणि मग घरी येऊन तोच ठिपका उचलून इमारतीच्या मधोमध नेऊन ठेवायचीस. नियम म्हणे. मी म्हणायचो, "मधोमध काय आहे? जिना. संडास. माणूस आत जातो तो गेटानं जातो. ठिपका गेटावर पाहिजे."

"अहो, ऑफिसचा नियम आहे. सगळ्यांचा पॉइंट बिल्डिंगच्या मध्यावर."

"नियम करणारा कधी बस घेऊन आलाय का? मधला ठिपका धरून गेलं तर माणूस मागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यापाशी पोचतो. आजारी माणूस. मग तो पूर्ण वळसा घालणार."

"तुम्ही सातवी शिकून मला जीआयएस शिकवा."

"तू बारावी शिकून मला रस्ते शिकव."

पाच वर्षं हेच. रीना यायची तेव्हा हेडफोन लावून बसायची. म्हणायची, "यू गाइज आर फायटिंग ओव्हर अ डॉट." हो, ठिपक्यावरूनच. दुसरं भांडायला आपल्याकडं होतं काय?

पण जबल अलीच्या अलीकडच्या त्या कामगारांच्या कॅम्पाचं तू केलंस ते कुणी केलं नसतं. त्या कॅम्पात मी माणसं सोडायचो वीस वर्षं. मी तुला सांगितलं होतं की तिथून तपासणीला जायचं तर बस नाही, माणसं रस्त्याकडेनं चालतात, ताप असला तरी चालतात. तू लॅपटॉप काढलास आणि प्रत्येक ठिपक्याभोवती गोल काढलास, माणूस सहज पोचेल एवढ्या अंतराचा. सगळी दुबई गोलांनी भरली. आणि तिथं मध्येच एक भोक राहिलं. कॅम्प त्या भोकात. तू बराच वेळ बघत बसलीस. मग तो नकाशा साहेबाला दिलास, साहेबानं वर दिला, आणि दोन वर्षांनी तिथं खरंच एक नवं ऑफिस झालं. तू म्हणायचीस, "मी काही केलं नाही. मी फक्त भोक दाखवलं." ते ऑफिस उघडलं तेव्हा तू अंथरुणात होतीस. बघायला जाऊ म्हणालीस. मी म्हटलं, बरी हो, नेतो.

आता हे लोक ज्या ऑफिसचं नाव घेऊन आपल्या दारात येतात ना, ते तेच ऑफिस. कॅम्पातलीच माणसं. जबल अलीकडून इकडं येतात, उलट्या दिशेनं, तुझ्या दारात.

मला भीती वाटते असं म्हणायला लाज वाटते. पण संध्याकाळी बाहेरून गाडी घेऊन येताना फोनवरची बाई मध्येच बोलते, तू लावून ठेवलेला तिचा हिंदी आवाज, "आप हेल्थ ऑफिस के पास हैं." मी कधी लावलेलं नसतं. गल्लीत वळलो की बोलते. मग मी दार उघडून आत येतो तर आत काही नाही. पण आत काही नाही असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात शबानाचा फोन आला. तुझ्या टेबलाशेजारी बसणारी, रत्नागिरीची. म्हणाली, "काका, रागावू नका, एक विचारू? फिलूमॅडमची आयडी इथं ऑनलाइन दिसतेय. हिरवा दिवा. आम्ही सगळे घाबरलोय. टॅब तुमच्याकडं आहे का?"

टॅब माझ्या मांडीवर होता. तुझा ऑफिसचा टॅब. त्यात आपले फोटो आहेत, गेटागेटावरचे, माझा तोंड वाकडं केलेला, बोर्ड वाचताना. ते बघायला मी तो चार्ज केला होता, तू गेल्यावर बारा दिवसांनी. मी शबानाला म्हटलं, "टॅब सापडत नाही."

"इन्शाल्ला सापडेल काका. मिळाला की सांगा."

खोटं बोललो. कारण टॅब दिला की दिवा विझेल. आणि माणसं यायची थांबतील. मला ती यायला नको होती, आणि ती थांबायलाही नको होती. चाळीस वर्षांत तू घरी नसताना माझ्या दारात कुणी आलं नाही. आता रोज कुणीतरी येऊन विचारतं, मॅडम है क्या. मी त्यांना चहा देतो, खरा रस्ता सांगतो, कधी गाडीनं नेऊन सोडतो. रीनाला म्हटलं, ममी पाठवते त्यांना. ती मग म्हणाली, "डॅड, प्लीज डोन्ट से दॅट." आणि रडली.

आता एक राहिलंय ते लिहितो आणि मग वही मिटतो.

त्या दुपारी तुला धाप लागली. मी अँब्युलन्स बोलावली नाही. मला वाटलं माझ्यापेक्षा लवकर कोण नेणार. हा माझा माज. तुला मागच्या सीटवर निजवलं. वाट सुचेना म्हणून फोनवर हॉस्पिटलचा ठिपका लावला, बावीस वर्षं या रस्त्यांवर बस चालवलेल्या माणसानं. फोननं नेलं ते मागच्या भिंतीशी. एसीची यंत्रं, कचऱ्याचे डबे, दार नाही. आणि ती बाई म्हणाली, "आप पहुँच गए हैं."

मी मागं वळलो आणि तुला म्हणालो, "घे. तुझ्या नियमानं पोचलो आपण."

तू डोळे उघडलेस. तोंड उघडलंस. तुला काहीतरी सांगायचं होतं, मला दिसलं. तेवढ्यात वॉचमननं काचेवर टकटक केली, इथं थांबायचं नाही म्हणून, मी त्याच्यावर ओरडलो, गेट कुठं आहे ते विचारलं, आणि परत वळेपर्यंत तुझे डोळे मिटलेले. वळसा घालून गेटावर पोचायला दहा मिनिटं लागली. पुढचे तीन दिवस तुझ्या तोंडात नळी होती. डॉक्टर म्हणाले त्या दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टरला माहीत. पण तू काय म्हणणार होतीस ते डॉक्टरला माहीत नाही, मलाही नाही. रागावलीस, की माफ केलंस, की फक्त पाणी मागत होतीस. तुझ्या कानात गेलेलं माझं शेवटचं वाक्य हे होतं, आणि ते टोमण्याचं होतं.

कधी कधी वाटतं, ही माणसं दारात येतात ती मला हेच दाखवायला. बघ, तुझ्याही दाराशी चुकीचा ठिपका.

इथवर लिहिलं आणि वही मिटली होती. त्याला सहा दिवस झाले. मध्ये जे झालं ते आता लिहितो.

रविवारी तुझा महिन्याचा मिस्सा होता, जबल अलीच्या चर्चमध्ये. मंडळाची माणसं आली, रीना आली, शबानाही आली होती, मागं ओढणी घेऊन बसली. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. सकाळी निघालो तो संध्याकाळी घरी आलो. दारात पायरीवर एक रिकामी पाण्याची बाटली, आणि दाराच्या फटीत खोचलेला कागद. तपासणीची वेळ लिहिलेला कागद. वेळ सकाळची दहाची, त्याच दिवसाची.

सोमवारी धुक्यात तो माणूस परत आला. पन्नाशीचा, बिहारचा, नाव शिवपूजन. गवंडी. छाती वाजत होती त्याची, दाराशी उभा राहून आधी खोकला, मग बोलला.

"चाचा, कल भी आए थे. शाम तक बैठे रहे."

मी म्हटलं, "घर पे ताला था. दिखा नहीं?"

"दिखा. लेकिन अंदर फोन बज रहा था. फिर मॅडम बोलीं ना."

"कौन मॅडम?"

"अंदर से. बोलीं, गेट पे रुकिए. तो हम गेट पे रुक गए."

मी त्याला परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं, अगदी साधेपणानं, जसा एखादा वॉचमननं काय सांगितलं ते सांगतो. मी रीनाला फोन केला तर म्हणाली, "नेबर्स टीव्ही, डॅड." असेल. शेजारचे तमिळ आहेत, त्यांचा टीव्ही तमिळ बोलतो. पण असेल.

फिलू, मी आवाजाला घाबरलो नाही. मला त्या पायरीची भीती वाटली. एक आजारी माणूस सुट्टी टाकून, एवढ्या लांबून येऊन, बंद दारापुढं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला, वेळ चुकली त्याची, कारण मला घरात कुणीतरी यायला हवं होतं. मी अजून दोन आठवडे आहे इथं. मी गेल्यावर किल्ली दुसऱ्याकडं, किंवा कुणाकडंच नाही. आणि ही माणसं येतच राहतील. भोकातली माणसं, जी तू शोधून काढलीस, ती तुझ्याच नावाच्या ठिपक्यानं बंद दारावर येतील. हे तुला कसं चालेल? तू तर एका चुकीच्या वेळेसाठी साहेबाशी भांडायचीस.

मी शबानाला फोन लावला आणि म्हटलं, "टॅब माझ्याकडं आहे. पहिल्यापासून होता."

ती रागावली नाही. विचारलं, "काका, घरी वायफायवर लावलात का?"

"फोटो बघायला."

"अच्छा, मग कळलं." मग तिनं मला समजावलं. नवं ऑफिस उघडलं तेव्हा तू आजारी, जाता येत नव्हतं, म्हणून तू शबानाकडून फोनवर नाव आणि वेळ घेतलीस आणि पलंगावरून फॉर्म भरून ठेवलास. तिथला फोन अजून लागला नव्हता म्हणून तुझा नंबर टाकलास. आणि जागा दिल्याशिवाय फॉर्म जतन होत नाही म्हणून पलंगावरूनच बटण दाबलंस. टॅब जिथं असेल ती जागा तो धरतो. त्यानं आपला पलंग धरला. तू तो फॉर्म वर पाठवला नव्हतास. घरी तू टॅबचं वायफाय बंद ठेवायचीस, अर्धवट काही वर जाऊ नये म्हणून. मला काय माहीत. मी चालू केलं आणि फॉर्म गेला. दुसऱ्या कुणाचा असता तर कुणीतरी तपासला असता. तुझ्या नावाचा म्हणून कुणी तपासला नाही, थेट नकाशावर चढला. आणि कॅम्पातल्या माणसांना त्यांच्या फोरमननं तोच ठिपका फोनवर पाठवला. माझ्या मोबाइलवर तू तुमचं ऑफिसचं ॲप टाकलेलं, म्हणून ती बाई गल्लीत बोलायची.

म्हणजे भूत नव्हतं. माझं बोट होतं.

शबाना म्हणाली, "खलास काका, टेन्शन घेऊ नका. मी इथूनच सरकवते. दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "नको."

"का?"

"ती असं करायची नाही. तिथं उभं राहून करायची. मला सांग काय दाबायचं."

तिनं मग सांगितलं. मी हातावर लिहून घेतलं.

शिवपूजनला गाडीत बसवलं. टॅब त्याच्या मांडीवर. निघताना फोनवर त्या ऑफिसचा ठिपका लावला, मुद्दाम. बघायचं होतं काय म्हणते. वाट मला तोंडपाठ होती. धुकं इतकं की दिवे लावले तरी आपल्याच दिव्याचा पांढरा पडदा पुढं. आपल्या गल्लीतून बाहेर पडलो आणि ती बाई बोलायला लागली. "यू-टर्न लीजिए." मी सरळ. पुढच्या चौकात, "यू-टर्न लीजिए." कारखाने गेले, गोदामं गेली, काही दिसत नव्हतं, नुसत्या ट्रकच्या सावल्या. दर दोन मिनिटांनी ती तेच. मागं फिरा. घरी या.

शिवपूजन म्हणाला, "चाचा, ये तो वापस बुला रही है."

मी म्हटलं, "बुलाने दो."

"बंद कर दें?"

"नहीं. बोलने दो."

सगळी वाट ती मला परत बोलवत होती, तुझ्या दाराकडं, आणि मी लांब जात होतो. मला रडू आलं. शिवपूजननं खिडकीबाहेर पाहिलं, बाहेर काही नव्हतं तरी.

ऑफिस धुक्यातून एकदम पुढं आलं. नवी इमारत, मोठी, तू म्हणाली होतीस त्यापेक्षा मोठी. बाहेर रांग. कॅम्पातली माणसं, काही ओळखीची, माझ्या बसमधली. एकानं हात केला. गेट उजव्या बाजूला आहे, फिलू, रस्त्याकडून सहज दिसत नाही. मधला ठिपका धरून कुणी आला असता तर मागच्या पार्किंगला पोचला असता. मी इंजिन बंद केलं. ती बाई एकदा म्हणाली, "यू-टर्न लीजिए," आणि मग गप्प झाली.

शिवपूजनला रांगेत लावलं. काल वेळ चुकली ती माझ्यामुळं, हे मी आतल्या माणसाला जाऊन सांगितलं. त्यानं घेतलं त्याला.

मग गेटावर येऊन उभा राहिलो. टॅबवर तुझा फॉर्म उघडला. नाव. प्रकार. वेळ. फोन. तुझा नंबर पुसून बोर्डावरचा टाकायचा होता. ते करताना बोट थांबलं. पुसला की कपाटातली घंटी कायमची बंद. पुसला.

सगळ्यात खाली शेऱ्याचा रकाना. मला वाटलं रिकामा असेल. त्यात तू इंग्रजीत लिहिलं होतंस. चष्मा लावला. एकेक अक्षर जोडलं, तू शिकवलंस तसं. शिफ्ट. पॉइंट. टू. गेट. पुढं आणखी एक ओळ. ड्रायव्हर. इज. राइट.

दोनदा वाचलं. मग वॉचमनला दाखवलं, मी नीट वाचलं का म्हणून. तो म्हणाला, "यस बाबा. ड्रायव्हर इज राइट." आणि हसला.

त्या रकान्याखाली तू लिहिल्याची तारीख होती. त्या भिंतीपाशी आपण गेलो त्याच्या चार दिवस आधीची.

पाच वर्षं भांडलीस आणि कबूल केलंस ते कुठं, तर ऑफिसच्या फॉर्मात, साहेबानं वाचावं म्हणून. मला तोंडावर सांगायचं नाही. की सांगणार होतीस? तोंड उघडलं होतंस ना.

मी बोर्ड मोठ्यानं वाचला. पूर्ण. रांगेतली माणसं बघायला लागली, बघू देत. वाचून झाल्यावर थोडं थांबलो, तू "आता दाबते" म्हणायचीस तेवढा वेळ.

मग मी दाबलं.